युरॉलॉजी वॉर्डात नव्याने लागलेल्या सिस्टर-ब्रदरांचे नेहमीचे प्रश्न

युरॉलॉजीत पोस्टिंग लागली की पहिल्या आठवड्यात सगळे साधारण तेच प्रश्न विचारतात. इतकी वर्षं मी त्यांची उत्तरं हँडओव्हरच्या घाईत, नाहीतर चहा पिता पिता देत आले. आता एका जागी लिहून ठेवते. सगळं प्रौढ रुग्णांबद्दल आहे. लहान मुलांचं गणित वेगळं. तुमच्या सर्जनची लेखी ऑर्डर किंवा रुग्णालयाचा प्रोटोकॉल याहून वेगळा असेल तर तो पाळा, पण का वेगळा आहे तेही विचारा.

आमच्याकडून ‘ज्ञान, दृष्टिकोन आणि प्रत्यक्ष काम’ अशी प्रश्नावली भरून घेतली. ती कशासाठी?

इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘केएपी’ म्हणतात. अशा पाहण्या १९५०च्या दशकात कुटुंबनियोजनाच्या कामात रुळल्या आणि पुढे आरोग्याच्या प्रत्येक विषयात शिरल्या. एमएस्सी नर्सिंगच्या प्रबंधांचं तर हे आवडतं साधन. तिचे भाग तीन : तुम्हाला काय माहीत आहे, त्याबद्दल तुम्हाला काय वाटतं, आणि तुमच्या हातून काय होतं.

गोची तिसऱ्या भागात आहे. ‘युरोबॅग (लघवी साठणारी पिशवी) रिकामी करण्याआधी हात धुता का?’ या प्रश्नावर ‘नेहमी’ सोडून दुसऱ्या चौकटीत कोण खूण करेल? म्हणून हा भाग कागदावर न विचारता चेकलिस्ट घेऊन बेडशेजारी उभं राहून पाहावा लागतो. कोणी पाहतंय म्हटल्यावर आपण सगळेच शहाण्यासारखे वागतो, हेही त्यात धरून चालायचं.

माझं मत विचाराल तर माहिती फारशी कमी पडत नाही. कॅथेटरची, म्हणजे मूत्राशयात घातलेल्या लघवीच्या नळीची, बॅग मूत्राशयाच्या खाली ठेवायची, हे फर्स्ट इयरची मुलगीही सांगते. तरी ट्रॉलीवरून पेशंट शिफ्ट करताना बॅग त्याच्याच पोटावर ठेवलेली मी हजारदा पाहिली आहे. ठेवणाऱ्याला माहीत असतं. फक्त त्या क्षणी हात रिकामा नसतो. युरॉलॉजीत हे अंतर जास्त डोळ्यांत भरतं, कारण इथलं निम्मं काम म्हणजे वाहणाऱ्या गोष्टींवर नजर. ते पाठांतराने साधत नाही, खुर्चीतून उठावं लागतं.

टीयूआरपी झालेला पेशंट ऑपरेशन थिएटरमधून (ओटीतून) आला. सगळ्यात आधी काय बघू?

बीपी, पल्स, शुद्ध हे कुठल्याही पेशंटसारखंच. त्यानंतर लगेच नळीचा रंग.

टीयूआरपीत लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून प्रोस्टेटचा, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा, अडथळा करणारा भाग खरवडून काढतात. बाहेर एकही टाका नसतो, त्यामुळे नातेवाइकांना वाटतं ‘छोटंसंच होतं’. आत मात्र उघडी जखम असते आणि ती लघवीत भिजत असते. रक्ताच्या गाठी धरू नयेत म्हणून थ्री-वे कॅथेटर घालतात : एक तोंड फुग्याचं, एकातून सलाइन आत, एकातून बाहेर. वर ३ लिटरची नॉर्मल सलाइनची बॅग लटकवलेली असते.

इरिगेशनचा, म्हणजे मूत्राशय धुणाऱ्या या सलाइनचा, वेग किती, असं नवीन मुलं विचारतात आणि मिनिटाला इतके थेंब असं उत्तर मागतात. तसं नसतं. वेग रंगावर ठरतो. आमच्या वॉर्डातली भाषा सांगते : नळीतलं पाणी पातळ कोकम सरबतासारखं गुलाबी असेल तर ठीक. टोमॅटोच्या सारासारखं दाट लाल झालं तर रोलर उघडा, वेग वाढवा. वाढवूनही पाचदहा मिनिटांत निवळलं नाही, किंवा लालभडक रक्त धारेने येतंय, तर डॉक्टरांना बोलवा आणि तोवर पल्स-बीपी पुन्हा घ्या. पाणी स्वच्छ झालं की वेग हळूहळू कमी करायचा. एकदम बंद नाही करायचं.

आणखी एक गोष्ट तपासा. काही सर्जन रक्त थांबावं म्हणून कॅथेटर ओढून मांडीला चिकटवतात, म्हणजे फुगा मूत्राशयाच्या तोंडाशी दाबून बसतो. हा ताण ठरावीक तासांसाठीच असतो. किती वाजता सोडायचा ते चार्टवर ठळक लिहा, कारण शिफ्ट बदलली की हमखास विसरतं ते हेच. जास्त वेळ राहिला तर खालच्या उतींना इजा होते. ताण असेपर्यंत तो पाय सरळ ठेवायला सांगा. पेशंटने गुडघा दुमडला की ताण गेला.

इरिगेशन चालू असताना लघवी नक्की किती झाली ते कसं काढायचं?

बाहेर आलेलं सगळं पाणी वजा आत गेलेलं सलाइन. समजा आठ तासांत ३ लिटरच्या ४ बॅगा संपल्या, म्हणजे १२,००० मिली आत गेलं. बॅगेतून मोजून काढलं १२,६५० मिली. लघवी झाली ६५० मिली. पेशंट ६५ किलोचा असेल तर तासाला किलोमागे साधारण सव्वा मिली, चांगलं आहे. किमान अर्धा मिली तरी हवी.

आता बाहेर आलेलं ११,४०० भरलं तर? ६०० मिलीचा हिशोब लागत नाही आणि पेशंटची स्वतःची लघवी तर त्याहून वेगळी. हे पाणी गेलं कुठे? गाठी अडकून मूत्राशयात साठलं असेल, रक्तात शोषलं गेलं असेल, क्वचित मूत्राशयाला भोक पडून पोटात झिरपत असेल. किंवा चादर ओली झाली असेल, किंवा वॉर्डबॉय मामांनी एक बॅग न सांगता रिकामी केली असेल. शेवटची दोन कारणं वारंवार निघतात हे खरं, पण आधी ती गृहीत धरून बसू नका. पोट चाचपून बघा.

म्हणून माझा एक हट्ट : युरोबॅग कोणी रिकामी करायची ते ड्यूटीच्या सुरुवातीलाच ठरवा. वॉर्डबॉय मामा, मावशी, मुलगा, सून, ज्याला दिसेल तो बॅग सोडतो आणि आपण चार्टवर अंदाजे आकडा टाकतो. भिंतीला एक कागद आणि दोरीने बांधलेलं पेन लावलं तरी फरक पडतो. दोरी महत्त्वाची, नुसतं पेन दुपारपर्यंत टिकत नाही.

नळीतून बाहेर येणं थांबलं. काय करू?

पहिली कृती, काहीही शोधण्याआधी : वरचं सलाइन बंद करा. बाहेरची वाट बंद आणि आत येणं चालू, याचा अर्थ मूत्राशय फुग्यासारखा ताणला जातोय. घाबरलेला नवखा माणूस नेमकं उलटं करतो. गाठ धुऊन निघेल म्हणून वेग वाढवतो.

मग नळी पेशंटच्या खाली दबली आहे का, कुठे पिळली आहे का, बॅग काठोकाठ भरली आहे का, ते बघा. तसं काही नसेल आणि ओटीपोट टणक, दुखरं लागत असेल, तर गाठ अडकली असं धरा. कॅथेटरच्या तोंडात बसणारी ५० मिलीची सिरिंज घ्या, निर्जंतुक सलाइन हलक्या हाताने आत सोडा आणि ओढा. काही रुग्णालयांत हे नर्सने करायचं असतं, काही ठिकाणी फक्त रेसिडेंटने. तुमच्याकडे काय आहे ते पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. रात्री दोनला विचारण्याचा प्रश्न नाही हा. आत सोडलेलं परत येत नसेल तर दुसरी सिरिंज भरून ढकलू नका. फोन करा.

फोनवर ‘सर, कॅथेटर ब्लॉक वाटतोय’ एवढंच नका सांगू. रंग, गाठी, किती वाजल्यापासून बंद, पोट कसं लागतंय, पल्स-बीपी, वॉश दिला का, त्यातून किती परत आलं, हे एका दमात सांगितलं की झोपेतला डॉक्टरही ताडकन उठतो.

कॅथेटर आहे, तरी बाबा म्हणतात ‘जोराची लागलीय, बाथरूमला जाऊ द्या’. समजवायचं तरी कसं?

समजवण्याआधी नळी वाहते आहे का ते बघा. वाहत नसेल तर बाबांचं बरोबर आहे, मूत्राशय खरोखर भरलंय.

वाहत असेल तर बहुतेक मूत्राशयाची उबळ. आत फुगा टेकलेला आहे, जखम आहे. मूत्राशयाला वाटतं काहीतरी बाहेर ढकलायचंय. कळ येते आणि कॅथेटरच्या बाजूने लघवी गळते. मग कोणीतरी म्हणतं की कॅथेटर लहान पडतोय, मोठा घाला. मोठा घातला की उबळ वाढते. डॉक्टर यासाठी ऑक्सिब्युटिनिन किंवा सोलिफेनासिनसारखी औषधं देतात. त्यांनी तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं, आणि फार म्हाताऱ्या पेशंटला भ्रम होऊ शकतो, हे लक्षात असू द्या. पेशंटला एवढं सांगा : ‘बाबा, आत फुगा आहे म्हणून तसं वाटतंय. जोर लावू नका, लांब श्वास घ्या, लघवी आपोआप नळीतून जातेय.’ बॅगेत पडणारी लघवी दाखवली की बरेच जण शांत होतात.

टीयूआरपीनंतर पेशंट बडबडायला लागला. म्हातारपणामुळे असेल ना?

नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही हेच म्हटलं होतं. एक आजोबा मला त्यांच्या लेकीच्या नावाने हाका मारत होते, जांभया देत होते, मध्येच उठून बसत होते. मी चादर सारखी केली आणि चार्टवर ‘रेस्टलेस, धीर दिला’ असं लिहिलं. इनचार्ज सिस्टर राउंडला आल्या आणि एकच प्रश्न विचारला : ‘ग्लायसीन होतं का?’ मला माहीत नव्हतं. हँडओव्हरमध्ये मी विचारलंच नव्हतं. सोडियम पाठवलं, ते फारच खाली आलं होतं.

त्याचं कारण असं. विजेने खरवडण्याच्या जुन्या मोनोपोलर पद्धतीत ऑपरेशनच्या वेळी सलाइन चालत नाही, कारण त्यातून वीज वाहते. म्हणून १.५ टक्के ग्लायसीन वापरतात. खरवडताना शिरांची तोंडं उघडतात आणि हे पाणी रक्तात शिरतं, सोडियम पातळ होतं. यालाच टीयूआर सिंड्रोम म्हणतात. लक्षणं : बेचैनी, मळमळ, डोळ्यांपुढे अंधुक, गोंधळ, बीपी आधी चढणं, पल्स मंदावणं, पुढे फिट आणि बेशुद्धी. बायपोलर किंवा लेझरच्या पद्धतीत सलाइन वापरतात, त्यामुळे सोडियम असं घसरत नाही. पण जादा पाणी रक्तात जाऊन फुप्फुसावर भार येऊ शकतो, तेव्हा दम लागतोय का ते तिथेही बघायचंच.

म्हणून ओटीतून पेशंट घेताना विचारा : कोणतं फ्लुइड, किती वेळ चाललं, किती आत-बाहेर. वयस्क माणूस गोंधळला तर साखर, ऑक्सिजन, ताप आणि भरलेलं मूत्राशय ही कारणंही तपासा. आणि तो थरथरत असेल तर पांघरूण घाला. लिटरच्या लिटर थंड पाणी आतून गेलेलं असतं.

फुग्यात पाणी किती आणि कशाचं?

कॅथेटरच्या तोंडावर छापलेलं असतं तेवढं. निर्जंतुक पाणी घाला. सलाइनचे खडे होऊन फुग्याची वाट बंद होऊ शकते. किती भरलं ते चार्टवर लिहा, काढणाऱ्याला तेवढंच परत मिळायला हवं.

कॅथेटरच्या नंबरांबद्दल नेहमी घोळ होतो. तो ‘फ्रेंच’ मापाचा आकडा आहे, एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये शस्त्रक्रियेची उपकरणं बनवणाऱ्या शारिएरने पाडलेला. तीनने भागला की मिलिमीटर मिळतात. म्हणजे २४ नंबर ८ मिलिमीटर जाड. फुग्याच्या कॅथेटरला ज्यांचं नाव चिकटलं ते फॉली अमेरिकेतले युरॉलॉजिस्ट, काळ १९३०च्या दशकाचा. परीक्षेत विचारत नाहीत. मला आवडतं म्हणून सांगितलं.

पुरुष पेशंटला कॅथेटर घातल्यावर सर्वांत जास्त काय विसरलं जातं?

मागे सारलेली कातडी पुन्हा पुढे आणायचं. ती मागेच राहिली तर सूज येते, मग कातडी पुढे येतच नाही आणि रक्तपुरवठा अडतो. स्पंज देताना, कॅथेटरची स्वच्छता करतानाही हेच. पाच सेकंदांचं काम, पण राहिलं तर ऑपरेशनपर्यंत जाऊ शकतं. शिवाय लाजेपोटी पेशंट बोलत नाही आणि पांघरुणाखाली कोणी बघत नाही.

कॅथेटरला रोज बीटाडीन लावायचं का? बॅग किती दिवसांनी बदलायची?

नको. साबण-पाण्याची रोजची स्वच्छता पुरते. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेची २००९ सालची मार्गदर्शक तत्त्वं हेच सांगतात, आणि कॅथेटर-बॅग ठरावीक दिवसांनी नेमाने बदलत बसू नका असंही सांगतात. तुंबली, संसर्ग झाला किंवा जोड सुटला तर बदला. तरी आपल्याकडे कापसाचा बीटाडीनचा बोळा गुंडाळून ठेवण्याची पद्धत काही जात नाही. तो बोळा दुसऱ्या दिवशी कडक होऊन चिकटतो आणि काढताना पेशंट ओरडतो.

खरं संरक्षण कंटाळवाण्या गोष्टींत आहे. जोड उघडायचा नाही. बॅग मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला न टेकता. रिकामी करताना प्रत्येक पेशंटचं भांडं वेगळं आणि बॅगेचं तोंड भांड्याला न लावता. कल्चरचा, म्हणजे जंतू तपासण्याचा, नमुना बॅगेतून कधीच नाही. नळीवरचा पोर्ट पुसून सुईने. आणि रोज सकाळच्या राउंडला एक प्रश्न : ‘सर, हा कॅथेटर अजून हवाय का?’ आत असलेल्या कॅथेटरमध्ये जंतू दिसण्याची शक्यता दर दिवशी ३ ते ७ टक्क्यांनी वाढते. हा प्रश्न विचारायला नवीन मुली कचरतात. मोठ्या डॉक्टरांना आपण कसं विचारणार, असं वाटतं. विचारा. निम्म्या वेळा उत्तर येतं, ‘अरे, काढून टाका की.’

काढण्याआधी नळी बांधून-सोडून मूत्राशयाला ‘सवय’ लावायची असते ना?

शस्त्रक्रियेनंतर थोड्या दिवसांसाठी घातलेल्या कॅथेटरला त्याची गरज नाही. उलट बांधलेली नळी सोडायला विसरलं तर पंचाईत. शक्यतो सकाळी लवकर काढा, म्हणजे लघवी होत नाही हे दिवसाउजेडी कळेल. काढल्यावर पहिल्या दोनतीन लघव्या भांड्यात मोजा. थोडी थोडी, वारंवार होत असेल आणि पोट जड असेल तर ‘झाली ना लघवी’ म्हणून सोडून देऊ नका. भरून वाहतंय ते. पुरुष पेशंटला शक्य असेल तर उभं राहू द्या, पडदा ओढा, आणि पाच मिनिटं त्याच्याकडे बघत उभे राहू नका.

बरेच दिवस तुंबलेली लघवी कॅथेटरने मोकळी केली की कधी कधी उलटी गंमत होते. मूत्रपिंडं सुटल्यासारखी लघवी करतात, तासाला २०० मिलीच्या वर. सगळे खूश, चांगली लघवी होतेय म्हणून. दोन तास ओळीने तसं दिसलं तर कळवा. पाणी आणि क्षार दोन्ही वाहून जात असतात.

मूतखड्याच्या पीसीएनएलनंतर (पाठीतून भोक पाडून खडा काढण्याच्या ऑपरेशननंतर) पाठीतून आलेली नळी?

ती मूत्रपिंडात आहे, म्हणून तिचा मान मोठा. सुरुवातीला लालसर लघवी चालते. नळी नीट चिकटवलेली हवी आणि कूस बदलताना एकाने फक्त नळी धरायची. सांगितल्याशिवाय क्लॅम्प करायचं नाही, सांगितल्याशिवाय धुवायचं नाही; धुवायला सांगितलंच तर ५ मिलीच्या आसपास, कारण मूत्रपिंडाच्या आतली जागा मुळात तेवढीच. क्लॅम्प केल्यावर कंबर दुखली, ताप आला, बाजूने गळलं तर सोडा आणि कळवा. थंडी वाजून ताप आणि बीपी उतरणं म्हणजे संसर्ग रक्तात गेल्याची शंका. खड्याच्या पेशंटला हे काही तासांत होतं, ‘पॅरासिटामॉल देऊन बघू’ म्हणायला वेळ नसतो. पंक्चर बरगडीच्या वरून झालं असेल तर दम लागतोय का तेही बघा.

डीजे स्टेंटबद्दल पेशंटला एवढं बजावून का सांगायचं?

कारण तो दिसत नाही. मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत जाणारी, दोन्ही टोकांना वळलेली ही बारीक नळी खड्याच्या ऑपरेशननंतर काही आठवडे ठेवतात आणि मग दुर्बिणीने काढतात. लघवी करताना कंबरेत कळ, सारखी लागणं, कधी गुलाबी लघवी, हे स्टेंटमुळे होतं. आधी सांगितलं नसेल तर पेशंट समजतो ऑपरेशन फसलं. ज्यांना काहीच त्रास होत नाही ते मात्र विसरतात. महिने उलटले की स्टेंटवरच खडे धरतात, आणि जी नळी पाच मिनिटांत निघाली असती तिच्यासाठी पुन्हा मोठं ऑपरेशन करावं लागतं. मूत्रपिंड निकामी झालेलेही पाहिलेत.

मराठवाड्यातला एक ऊसतोड कामगार दिवाळीआधी आमच्याकडे येऊन गेला. डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत ‘स्टेंट रिमूव्हल, ४ आठवडे’ लिहिलं होतं. चार आठवड्यांनी तो कोयता घेऊन कारखान्याच्या फडावर होता. कार्ड गावी, पत्र्याच्या पेटीत. हंगाम संपून तो परत आला तेव्हा उन्हाळा लागला होता. चूक त्याची म्हणायची की कार्ड लिहिणाऱ्यांची? तेव्हापासून आम्ही मराठीत मोठ्या अक्षरांत लिहितो : ‘तुमच्या पोटात नळी आहे. ती या तारखेला काढायची आहे.’ घरातल्या दोघांचे फोन नंबर घेतो, आणि पुढचे सहा महिने कुठे असाल, हेही विचारतो. वॉर्डात स्टेंटचं वेगळं रजिस्टर ठेवलंय. दर सोमवारी त्यावर बोट फिरवायचं काम माझं.

पुरुष पेशंट लाजतात, ‘ब्रदरना पाठवा’ म्हणतात. राग येऊ द्यायचा का?

नाही. ब्रदर ड्यूटीवर असतील तर पाठवा, त्यात आपला अपमान नाही. बाई पेशंटला ब्रदर नको असतील तर आपण एका शब्दात ऐकतो ना? नसतील ब्रदर, तर सरळ सांगा : ‘काका, आज मीच आहे. पडदा लावते, लागेल तेवढंच उघडते, दोन मिनिटांत होईल.’ आणि मग खरंच पडदा लावा. पूर्ण. दोन इंच फट ठेवून नाही.

प्रश्नावलीत ज्याला दृष्टिकोन म्हणतात तो इथे दिसतो. शब्दांत दिसतो. सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं ‘सात नंबर, लघवी झाली का?’ ओरडणारी सिस्टर मनाने चांगली असू शकते, पण सात नंबर तिला पुढचा त्रास सांगणार नाही. मी शिकवताना मुलांना मोठ्याने म्हणायला लावते : लघवीची जागा, अंडकोश, वीर्य, शरीरसंबंध. पहिल्यांदा सगळी खुदुखुदू हसतात. तिसऱ्यांदा हसत नाहीत. आपण अडखळलो की पेशंट ताबडतोब ओळखतो आणि विषय मिटवतो.

सर्वांत अवघड संभाषण टीयूआरपीनंतरचं. बहुतेकांना नंतर संबंधाच्या वेळी वीर्य बाहेर येत नाही, ते मागे मूत्राशयात जातं आणि पुढच्या लघवीतून निघतं. त्याने इजा होत नाही. पण हे ऑपरेशनच्या आधी सांगायला हवं आणि ते मुख्यतः डॉक्टरांचं काम आहे. प्रत्यक्षात ६५ वर्षांचे गृहस्थ डॉक्टरांसमोर मुलगा उभा असतो म्हणून गप्प बसतात आणि रात्री गोळी द्यायला आलेल्या ब्रदरला हळूच विचारतात. ‘या वयात कशाला?’ असं तोंडातून किंवा चेहऱ्यावरूनही निघू देऊ नका. उत्तर द्या, आणि सकाळी डॉक्टरांना सांगा की यांना एकट्याला बोलायचं आहे.

बायकांच्या लघवीच्या तक्रारी तर त्याहून दबलेल्या. ‘खोकलं की थेंब जातो’ हे वीस वर्षं कोणाला न सांगितलेल्या बाया मी पाहिल्यात. पाणी कमी पितात, लग्नाला जात नाहीत, सोबत जादा परकर नेतात.

पिशवी पोटावर लावलेल्या पेशंटच्या लघवीत पांढरं, शेंबडासारखं दिसतं. पस आहे का?

मूत्राशय काढून आतड्याच्या तुकड्यातून लघवीची वाट केली असेल तर तो आतड्याचा स्राव. अपेक्षित आहे. पोटावरचं तोंड गुलाबी-लाल आणि ओलसर हवं. काळपट, निळसर दिसलं तर तेव्हाच कळवा. पिशवी लावायला शिकवताना बायकोलाच शिकवून मोकळे होऊ नका, पेशंटच्या हातात द्या.

टीयूआरपीच्या पेशंटला घरी सोडताना काय सांगायचं?

पाणी दिवसाला अडीच-तीन लिटर, पण हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच. संडासला कुंथायचं नाही. रात्री इसबगोल चालतो. चार ते सहा आठवडे जड उचलणं नाही, संबंध नाही, आणि दुचाकी-ट्रॅक्टर नाही. इथे वाद होतो. ‘फक्त दूध घालायला जातो, दोन किलोमीटर’ असं म्हणतात. गचक्यांचे रस्ते बघता ते दोन किलोमीटरही नकोत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कधी सुरू करायच्या, ते कागदावर तारीख घालून लिहून घ्या.

दहा ते चौदा दिवसांच्या सुमारास आतली खपली सुटते आणि लघवी पुन्हा लाल होऊ शकते. हे आधी सांगितलेलं असेल तर माणूस आडवा पडून पाणी पितो आणि बहुतेकदा ती निवळते. सांगितलेलं नसेल तर रात्री जीप करून येतात. गाठी पडल्या, लघवी अडली किंवा थंडी वाजून ताप आला तर मात्र खरंच यायचं, रात्र असली तरी.

एका नाइटला दोघी आणि तीस पेशंट. हे सगळं जमायचं कसं?

सगळं जमत नाही. शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात ३ रुग्णांमागे १ नर्स हा इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष सांगून मी तुमच्या जखमेवर मीठ चोळत नाही. मी करायचे ते असं : ड्यूटी घेताना इरिगेशनवाले पेशंट नर्सिंग स्टेशनजवळच्या बेडवर आणायचे, सलाइनच्या बॅगा मोजून पलंगाखाली ठेवायच्या, ५० मिलीची सिरिंज आणि सलाइन ट्रेमध्ये तयार. दर तासाला टॉर्च घेऊन एक फेरी, फक्त नळ्यांची. शुद्धीवरच्या नातेवाइकाला रंग दाखवून ठेवायचा : ‘असा आहे तोवर झोपा, टोमॅटोच्या सारासारखा झाला की मला उठवा.’ आणि माणसं कमी होती म्हणून जे राहिलं ते रिपोर्ट बुकात तसंच लिहायचं, तारीख-वेळेसकट. न घेतलेली नोंद नंतर अंदाजाने भरायची नाही.

कॅथेटर काढायचाय, पण फुग्यातलं पाणी निघत नाही. ओढू का?

अजिबात नाही. सिरिंज लावून ठेवा आणि दांडा न ओढता पाणी आपोआप परत येऊ द्या. जोराने ओढलं की आतली बारीक वाट चिकटून बसते. नाही आलं तर एकदोन मिली निर्जंतुक पाणी आत घालून पुन्हा वाट बघा, नळी कुठे पिळली नाही ना ते पाहा. तरी नाही तर डॉक्टर. जास्त पाणी भरून फुगा फोडायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, रबराचे तुकडे आत राहतात. निघालेलं पाणी भरलेल्या पाण्याइतकं आहे का ते मोजा, आणि बाहेर आलेला फुगा अख्खा आहे का ते डोळ्यांनी बघूनच ट्रेमध्ये टाका.